शेकाच्या दिवसांतली गाणी

हळद शिजायला लागली की मी गाडीच्या काचा वर करते.

फेब्रुवारी सरता सरता आमच्या हिंगोलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाफा दिसू लागतात. शेतात चुलाणं पेटलेली असतात, त्यांवर मोठाल्या कढया. आता बऱ्याच ठिकाणी वाफेचे कुकर आलेत, पण वास तोच. ओल्या मातीचा, कच्च्या कंदाचा, थोडा औषधासारखा. शिजलेली हळद खळ्यावर पसरलेली असते आणि ती खालीवर करणाऱ्या बायांचे हात मनगटापर्यंत पिवळे झालेले असतात. माझ्या शाळेतल्या मुली याच दिवसांत परीक्षेला बसतात आणि त्यांच्या उत्तरपत्रिकांच्या कडांना बोटांचे पिवळे ठसे उमटतात. पूर्वी मला ते ठसे बघून बरं वाटायचं. घरचं काम उरकून आलेल्या पोरी, तरी पेपर पूर्ण लिहिलेला.

परवा कळमनुरीच्या पुढे एका वळणावर रस्त्यावरच वाफ उतरली होती. काच वर करेपर्यंत वास आत शिरला. शेजारी माझी लेक बसली होती. ती म्हणाली, "किती छान वास आहे गं!" मी हो म्हटलं. तिच्या फोनवरची गाणी गाडीत वाजत होती, कुठली वायर नाही की काही नाही. मी आवाज थोडा कमी केला. तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दोन हजार सात-आठची गोष्ट. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, घशात गाठ निघाली. सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावला त्यांनी सत्तावीस वर्षं शाळा चालवली. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं. "तंबाखू खाता का?" असं नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली, आणि ती हलवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी एकदाच पाहिलं होतं, शाळेच्या तपासणीत एका साहेबानं त्यांना खुर्ची दिली नव्हती तेव्हा. तीस वेळा शेक द्यायचा ठरलं. डॉक्टर त्याला रेडिएशन म्हणायचे, बाकी सगळा दवाखाना शेकच म्हणायचा. आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. हिंगोलीहून नांदेडला जायला दोन तास, यायला दोन तास, आणि शेक तीन-चार मिनिटांचा.

आई जाऊन चार वर्षं झाली होती. धाकटा भाऊ मिलिंद पुण्यात नोकरीला, नवीनच लागलेला, रजा नाही. माझे यजमान ज्युनियर कॉलेजात, त्यांची बारावीची परीक्षा चालू. मीच शाळेतून रजा काढली. आमच्याकडे जुनी मारुती होती आणि मी नुकतीच चालवायला शिकले होते. हिंगोलीत तेव्हा गाडी चालवणारी बाई दिसली की पेट्रोल पंपावर लोक वळून बघायचे. दादा मागे बसतील असं मला वाटलं होतं. ते पुढे येऊन बसले, मांडीवर पाण्याची बाटली आणि दवाखान्याची फाईल घेऊन, आणि म्हणाले, "चल. सावकाश चालव."

पहिले दोन दिवस आम्ही काहीच बोललो नाही. आमच्या घरात बोलण्याची रीतच नव्हती. दादा विचारायचे, आम्ही उत्तर द्यायचो. आता त्यांचा आवाज बसलेला, विचारायचंही थांबलं होतं. ज्या आवाजात पाढे म्हणवून घेतलेले लोक आज आजोबा झालेत, त्या आवाजाची जागा एका घासल्यासारख्या कुजबुजीनं घेतली होती. इंजिनाचा आवाज असला की तीही ऐकू येत नसे.

तिसऱ्या दिवशी मिलिंदचं पार्सल आलं. त्यात काड्यापेटीएवढी एक काळी डबी, एक बारीक सेल, आणि कॅसेटच्याच आकाराची एक कॅसेट, जिच्या पोटातून लांब वायर निघाली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं: ही कॅसेट गाडीच्या टेपमध्ये सार, वायर डबीला लाव. दोनशे गाणी आहेत. दादांना विचारून लाव.

सकाळी निघताना मी ते जोडत होते तेव्हा दादांनी कॅसेट हातातून घेतली. उलटीपालटी करून बघितली, उजेडाकडे धरली.

"याच्यात टेप कुठं हाय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"न्हाई दादा. गाणी या डबीत हाईत. ही कॅसेट नुसती नावाला."

"म्हंजे कॅसेटीचं सोंग."

मी हसले. तेही हसले, आणि हसल्याबरोबर घसा दुखून त्यांनी डोळे मिटले. मग बोटानं खूण केली, लाव.

हे मला नवल होतं. आमच्या घरातला रेडिओ सातच्या बातम्यांपुरता होता. बातम्या संपून गाणं सुरू झालं की दादांचा हात बटणाकडे जायचा. चौदा एप्रिलला जयंतीला मी गायचे, तेवढं चालायचं, कारण ते बाबासाहेबांचं गाणं. बाकी गाणं म्हणजे वेळ घालवणं. मिलिंदनं दोनशे गाणी पाठवताना किती भीत भीत पाठवली असतील ते मला समजत होतं. त्यानं सगळं सरमिसळ भरलं होतं. भीमगीतं, जुनी हिंदी, भावगीतं, कव्वाल्या, मध्येच कुठल्या तरी लग्नातला बँड. पुढचं गाणं कुठलं लागेल याचा पत्ता नसायचा. गाण्याच्या पाठीमागे त्या कॅसेटची चाकं बारीक किरकिरत राहायची.

पहिला आठवडा संपता संपता दादा स्वतः कॅसेट सारू लागले. गाडी गल्लीतून बाहेर पडली की त्यांचा हात पुढे जायचा. आखाडा बाळापूरला आम्ही थांबायचो, बाजाराच्या तोंडाशी एका हॉटेलवर. दादांसाठी कोमट दूध, माझ्यासाठी चहा. एकदा एक धिप्पाड शेतकरी काचेशी वाकला, त्याच्या कोपरापर्यंत हळद लागलेली. पुसेगावचा जुना विद्यार्थी.

"गुरुजी! कुठं निघाले? बरं हाय ना?"

दादांना बोलता येईना. त्यांनी हात वर केला. मी सांगितलं, नांदेडला दवाखान्यात. तो टेपकडे बघून म्हणाला, "आन गाणे लावले गुरुजीनं? आमाला तर शिट्टी वाजवली म्हणून उन्हात उभं केलं होतं." दादा हसले. ते हसणं मी जपून ठेवलेलं आहे. उरलेल्या दिवसांत तसं दुसरं मिळालं नाही.

शेकानं त्यांची मान बाहेरूनही काळी पडत गेली. जेवण सुटलं. सदऱ्याच्या कॉलरीचा स्पर्श सोसेना म्हणून ते गळ्याभोवती आईचं जुनं मऊ लुगडं फाडून केलेला पंचा ठेवायचे. मी गाडी चालवायचे, ते ऐकायचे. कधी विचारायचे, "हे कोण गातंय?" मी सांगायचे. पळसाला नुसती फुलं होती, पान एक नाही, आणि त्या रस्त्यानं आम्ही बाप-लेक पहिल्यांदाच एकच गोष्ट एकाच वेळी ऐकत चाललो होतो. मला वाटलं होतं, या आजारपणानं काही दिलं असेल तर हे दिलं. चौतिसाव्या वर्षी मला वडील मिळाले असं मी रात्री वहीत लिहून ठेवलं होतं. ते पान मी पुढं फाडलं.

एकोणिसावा शेक होता. परतताना वारंग्याचा फाटा मागे पडला, ऊन तापलेलं, दादा मान मागे टेकवून बसलेले. आणि एक भावगीत लागलं. मी अठरा-एकोणीस वर्षांची असताना परभणीला रेडिओवर गाण्यासाठी परीक्षा दिली होती, ते गाणं. आईनं हट्ट धरला म्हणून दादाच मला एसटीनं घेऊन गेले होते. मी आत गात होते तेव्हा ते बाहेर बाकावर छत्री धरून बसले होते. आमच्या गल्लीत टपाल वेळेवर यायचं नाही म्हणून अर्जावर पत्ता त्यांच्या शाळेचा दिला होता. तो सगळा पावसाळा मी पत्राची वाट पाहिली. दादा आठवडाभर पुसेगावलाच राहायचे, शनिवारी घरी आले की मी त्यांच्या पिशवीकडे बघायचे. दिवाळीनंतर बघणं सोडलं. नापास झाले असणार. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. गाणं कधी बंद केलं असं काही झालं नाही, नुसतं म्हणायचं राहून गेलं.

गाडी चालवताना मी ते गुणगुणायला लागले होते हे मला कळलंच नाही. दादांच्या बोटांचा स्पर्श दंडाला झाला तेव्हा कळलं. ते काहीतरी बोलत होते. मी टेपचा आवाज बारीक केला.

"तुझा कागद आला होता."

"कशाचा कागद, दादा?"

"परभणीचा." त्यांनी पाण्याचा घोट घेतला, तो उतरायला वेळ लागला. "पास झाली होतीस तू. बोलावलं होतं."

मी गाडी रस्त्याच्या खाली घेतली. समोर कुणाचं तरी खळं होतं, हळद वाळत पडलेली, दोन बाया दाताळ्यानं ती ओढत होत्या. त्या थांबून आमच्याकडे बघू लागल्या.

"मंग? कुठं हाय तो?"

"फाडला. शाळेच्या मागं विहीर हाय, तिच्यात टाकला."

"काहून?"

गाणं बारीक आवाजात चालूच होतं. मग एकेक शब्द तोडत त्यांनी सांगितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की दादांना एक आत्या होती. तिचा गळा फार चांगला होता. गावात कुणाकडे काही असलं की तिला बोलावणं यायचं. ती लोकांच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून गायची. वरून टाकलेलं पदरात घ्यायची. लहानपणी दादा तिच्या बोटाला धरून जायचे.

"गाणं झाल्यावर माणसं काय बोलायची, ते मी ऐकलेलं हाय," दादा म्हणाले. "लेकराला कळत न्हाई असं त्यांना वाटायचं. मी शिकलो ते त्या बोलण्यावर. ठरवलं, आपल्या घरातली बाई लोकांसमोर गाणार न्हाई. मंग तुझा कागद आला. मला रेडिओ दिसला न्हाई, सुजाता. मला ते दार दिसलं."

मी काय म्हणायला हवं होतं ते आज मला येतं. मी म्हणायला हवं होतं की दादा, त्या आत्याचं नाव काय. मी ते विचारलं नाही. ते नाव आता कुणालाच माहीत नाही.

मी बटण दाबलं, कॅसेट अर्धी बाहेर आली, ती ओढून काढली, वायर गुंडाळली आणि सगळं डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं. गाडी सुरू केली. हिंगोलीपर्यंत इंजिनाशिवाय कसलाच आवाज नव्हता.

त्यानंतर अकरा दिवस उरले होते. त्या अकरा दिवसांत मी दादांची सगळी सेवा केली. वेळेवर उठवलं, मीठ-पाण्याच्या गुळण्या दिल्या, मानेला डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं, दवाखान्याच्या रांगेत पाठीशी उभी राहिले. कुणालाही वाटलं असतं, किती गुणाची लेक. फक्त गाणं लावलं नाही. पहिल्या दिवशी त्यांचा हात सवयीनं टेपकडे गेला. रिकाम्या फटीवर बोटं टेकली आणि परत मांडीवर आली.

"सेल संपला, दादा," मी म्हटलं.

ते खोटं होतं हे त्यांना कळलं असणार. सत्तावीस वर्षं पोरांची खोटी कारणं ऐकलेला माणूस. त्यांनी मान डोलावली.

हिंगोली, कळमनुरी, बाळापूर, वारंगा, अर्धापूर, नांदेड. आणि तेच उलटं. वाफा वाढत गेल्या, मग कमी होत गेल्या, कढया धुऊन पालथ्या पडल्या. मला वाटायचं, त्यांनी एकदा माझ्याकडे बघून म्हणावं, चुकलं माझं. ते म्हणाले असते तर मी त्याच क्षणी गाणं लावलं असतं असं मी स्वतःला सांगत होते. पण त्यांनी जे सांगितलं होतं ते तेच होतं. त्याहून वेगळे शब्द त्यांच्याकडे नव्हते, आणि असते तरी ते उच्चारायला घसा उरला नव्हता. मला ते ऐकू आलं नाही, कारण मला हव्या त्या शब्दांत ते आलं नव्हतं.

तिसावा शेक झाला त्या दिवशी नर्सनं त्यांना पेढा दिला. गिळता येत नव्हता, त्यांनी तो कागदात बांधून माझ्या हातात दिला. मी औषधं घ्यायला गेले. परत आले तर ते बाकावर नव्हते. घाबरून फाटकाकडे गेले, तर समोरच्या टपरीवरून दादा रस्ता ओलांडून येत होते, एका हातानं पंचा सावरत, दुसरी मूठ घट्ट मिटलेली. चालण्याचं त्राण नव्हतं, तरी एकटे जाऊन आले होते.

गाडीत बसल्यावर त्यांनी मूठ उघडली. तळहातावर एक नवा सेल होता. त्या डबीला लागतो तोच, बारीक.

त्यांनी हात तसाच माझ्यापुढे धरून ठेवला. दुपारचं ऊन त्यांच्या तळहातावर पडलं होतं.

"राहू द्या, दादा," मी म्हटलं. "आज रस्त्याला गर्दी हाय. मला नीट ऐकू यायला पाहिजे."

मी सेल घेतला आणि कप्प्यात ठेवला. कप्पा बंद केल्याचा आवाज झाला. त्यांनी मान खिडकीकडे वळवली. घरी पोहोचेपर्यंत ते जागे होते, हे मला माहीत आहे, कारण मी दोनदा बघितलं.

दादा मे महिन्यात गेले. शेवटच्या आठवड्यात ते कुणालाच ओळखत नव्हते. उद्या लावू, परवा लावू असं माझ्या मनात चाललेलं होतं. पण डबी गाडीत होती आणि दादा घरात, आणि घरातून गाडीपर्यंत वीस पावलं होती. ती माझ्याकडून झाली नाहीत.

मिलिंद त्यांच्या शेवटच्या दोन दिवसांत पोहोचला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आम्ही दोघं पुसेगावला निघालो, दादांची पुस्तकांची पेटी तिथल्या एका शिक्षकांकडे होती ती आणायला. मिलिंद दादांच्या जागेवर बसला. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. शेतं मोकळी झाली होती, हळदीच्या खळ्यांवर नुसते पिवळे डाग उरलेले. बराच वेळ तो बाहेर बघत होता. मग त्यानं डॅशबोर्डच्या कप्प्याच्या फटीतून बाहेर आलेलं वायरीचं टोक हातात घेतलं.

"ताई, ऐकली का गं त्यांनी गाणी?"

मी समोर बघत होते.

"मी महिनाभर जमवत होतो," तो म्हणाला. "ऑफिसातल्या पोरांकडून, कुणाकुणाकडून. वाटलं, चिडतील. म्हणतील, मी मरायला टेकलो आन हा गाणे पाठवून राहिला. तुला विचारायची हिंमत झाली न्हाई फोनवर. ऐकली का?"

"ऐकली."

"खरंच? रोज?"

"रोज. स्वतः लावायचे."

"शेवटपर्यंत?"

एक बैलगाडी आडवी आली होती. मी ती जाईपर्यंत थांबले.

"शेवटच्या दिवशी सेल संपला होता," मी म्हटलं. "तर स्वतः चालत जाऊन नवा घेऊन आले. तसल्या उन्हात, एकटे. माझ्या हातात दिला."

मिलिंदनं तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. पंधरा दिवसांत तो पहिल्यांदा रडत होता, आणि ते रडणं सुटल्यासारखं होतं, आनंदाच्या फार जवळचं. मी गाडी पुढे घेतली. त्यानं पुढे काही विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही. त्यानं विचारलं नाही.

त्याला आता दोन मुलं आहेत. आजोबांची गोष्ट सांग म्हटलं की तो हीच सांगतो. नांदेडच्या दवाखान्यातून ते उन्हात चालत कसे गेले, मुठीत सेल धरून कसे आले, आणि मग घरापर्यंत सगळा रस्ता गाणी ऐकत कसे आले. मुलं माझ्याकडे बघतात, कारण गाडी मी चालवत होते.

मी मान डोलावते.